फेलोशिपची यादी नंतर, आधी काम ठरवा

नुकतीच पर्यावरणशास्त्राची पदवी घेतलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. गुण चांगले आहेत, शेवटच्या वर्षाचा प्रकल्प खारफुटीवर केला होता, शोधनिबंध मात्र एकही छापलेला नाही. परदेशात संशोधन फेलोशिप हवी आहे आणि त्यासाठी चाळीसेक फेलोशिपची यादी मुदतीच्या तारखांसह तयार आहे. यातल्या कुठल्या निवडू, आणि शोधनिबंध नसताना माझा निभाव लागेल का, असं तिनं विचारलं आहे.

यादी काही दिवस बाजूला ठेवा. निवड समितीत बसून अर्ज वाचायचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि गुण कमी म्हणून बाद झालेले अर्ज मला फारसे आठवत नाहीत. बहुतेक अर्ज बाद होतात ते एकाच कारणानं: ही व्यक्ती तिथं जाऊन पहिल्या महिन्यात नेमकं काय करणार, हे चार पानं वाचूनही कळत नाही. पर्यावरणाबद्दलची तळमळ पहिल्या परिच्छेदात ओसंडून वाहत असते. पण ती सगळ्यांच्याच अर्जात असते, त्यामुळे तिच्यावरून निवड करता येत नाही. म्हणून क्रम उलटा करा. आधी प्रश्न ठरवा, मग तो जिथं सुटू शकेल ती जागा आणि तिथला माणूस शोधा, आणि त्याचे पैसे कोण देईल हे सगळ्यात शेवटी बघा.

तुमचाच विषय घेऊ. ‘हवामानबदलाचा खारफुटीवर होणारा परिणाम’ या ओळीवर आयुष्य जाईल, फेलोशिपचे बारा महिने कुठल्या कुठे संपतील. त्याऐवजी असं विचारा: खाडीच्या मुखापासून आत जावं तसा गाळातल्या सेंद्रिय कार्बनचा साठा वाढतो की घटतो, आणि तो गाळाच्या कणांच्या आकारावर जास्त अवलंबून आहे की झाडांच्या वयावर? आता काम आपोआप दिसायला लागतं. गाळात नळी घुसवून गाभा (गाळाचा उभा, अखंड नमुना) काढावा लागणार, शक्यतो एक मीटरपर्यंत, कारण साठ्याचे छापील आकडे बहुतेक त्या खोलीचे असतात. नळी घुसताना गाळ दबतो. किती दबला ते तिथल्या तिथं मोजून वहीत उतरवावं लागतं. मग ठरावीक अंतरावर तुकडे कापायचे आणि साधारण ६० अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचे. कोरड्या वजनाला मूळ घनफळानं भागलं की घनता मिळते. ती काढली नसेल तर कार्बनची टक्केवारी हातात असूनही हेक्टरी साठा सांगता येत नाही. पुढे भट्टीत ४५० अंशांच्या आसपास काही तास जाळून वजनातली घट बघायची. त्यातून सेंद्रिय पदार्थ किती ते समजतं. त्यात कार्बन किती हे नेमकं हवं असेल तर एलिमेंटल ॲनलायझर (नमुन्यातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) लागतो, आणि त्याआधी शिंपल्यांचा चुना आम्लानं काढून टाकावा लागतो.

एवढा तपशील अर्जात लिहायचा नसतो. पण ज्याला तो ठाऊक असतो त्याच्या प्रपोजलमध्ये ‘नमुने सुकवणं आणि जाळणं सध्याच्या प्रयोगशाळेत होईल, ॲनलायझर मात्र यजमान संस्थेत आहे’ असं एक वाक्य सहज येऊन जातं. वाचणारा तिथं थांबतो आणि त्याला वाटतं, हे काम या मुलीनं मनातल्या मनात एकदा करून पाहिलंय.

नमुन्यांच्या संख्येवर बहुतेक जण घसरतात. एकाच खाडीतून ३० गाभे काढले आणि निष्कर्ष सगळ्या खाड्यांबद्दल काढायचा असेल, तर तुमच्याकडे नमुना एकच आहे. परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या चुकीला ‘स्युडोरेप्लिकेशन’ (नमुन्यांची खोटी पुनरावृत्ती) असं नाव देऊन तोवर छापून आलेल्या प्रयोगांची चांगलीच झाडाझडती घेतली होती. चाळीस वर्षं उलटून गेली तरी प्रपोजलमध्ये ती भेटतेच. त्यापेक्षा तीन खाड्या, प्रत्येकीत चार ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी दोन गाभे असं मांडा. झाले २४ गाभे. प्रत्येकाचे पाच तुकडे म्हणजे १२० नमुने. तीन खाड्याही सर्वसाधारण विधान करायला थोड्याच आहेत, आणि तसं प्रपोजलमध्ये स्वतःहून लिहिलंत तर ते तुमच्या बाजूनंच जातं. हा हिशोब कागदावर आला की किती दिवस लागतील, ओव्हन किती वेळ अडकेल, खर्च किती येईल हे परीक्षकाला विचारावंच लागत नाही.

आता जागा. ‘तिथंच का?’ हा प्रश्न प्रत्येक समिती विचारते आणि ‘ती नामांकित संस्था आहे’ हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. एखादं यंत्र तिथंच आहे, एखादी परिसंस्था तिथंच आहे, एखादी पद्धत त्याच गटानं बसवली आहे, अशी कारणं चालतात. पण पर्यावरणाच्या अभ्यासात मला सगळ्यात भक्कम वाटणारं कारण वेगळं आहे: तिथं कुणीतरी वर्षानुवर्षं मोजत आलंय. वर्षभराच्या फेलोशिपमधून वर्षभराचाच डेटा मिळतो, म्हणजे एक पावसाळा, एक बहर, माशांच्या विणीचा एक हंगाम. ते वर्ष नेहमीसारखं होतं की अपवादाचं, हे त्या डेटातून कधीच कळत नाही. शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीवर कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला तेव्हा हवेतलं प्रमाण दशलक्षात ३१५ भागांच्या आसपास होतं. पहिल्या वर्षी ठळकपणे दिसला तो ऋतूनुसार होणारा चढउतार. वाढ दिसायला पुढची वर्षं मोजत राहावं लागलं. आज तो आकडा ४२० च्या वर आहे.

पनामातलं बारो कोलोरॅडो बेट घ्या. कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवून गाटुन तलाव भरला, आणि एका टेकडीचं बेट झालं. तिथं अमेरिकेतल्या स्मिथसोनियनच्या उष्णकटिबंधीय संशोधन संस्थेचं केंद्र आहे आणि ५० हेक्टरांचा एक राखीव तुकडा आहे. त्यात छातीच्या उंचीवर १ सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असलेल्या प्रत्येक खोडाला क्रमांक दिलेला आहे आणि नकाशावर त्याची जागा नोंदलेली आहे. स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी १९८० च्या सुमारास ही मोजणी सुरू केली, आणि ती ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा होत आली आहे. तिथं जाणाऱ्या नवख्या माणसाला जंगल पहिल्यापासून मोजायचं नसतं. एका जातीच्या रोपांवर, एका बुरशीवर, फळं खाणाऱ्या एका प्राण्यावर छोटासा प्रश्न घ्यायचा आणि तो त्या जुन्या नोंदींना जोडायचा. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रूक या संशोधनासाठीच्या जंगलात १९६३ पासून ओढ्यांच्या पाण्याचं रसायन नोंदलं जातंय. उत्तर अमेरिकेतला आम्लपाऊस लक्षात आला तो अशाच नोंदींमधून. तुमच्या विषयात अशी जुनी मोजणी कुठं चालू आहे ते शोधण्यात एक महिना गेला तरी हरकत नाही.

माणूस शोधायचा तो शोधनिबंधांतून. पाच-सहा गट निवडा, त्यांचे अलीकडचे लेख शेवटपर्यंत वाचा. विशेषतः शेवटचे दोन परिच्छेद, कारण काय करायचं राहून गेलं हे लेखक तिथं कबूल करतात. मग ई-मेल. ‘आदरणीय सर, मला आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा आहे’ अशा मेलना उत्तर येत नाही, कारण तोच मजकूर पन्नास जणांना गेलाय हे पहिल्याच ओळीत कळतं. मजकूर साधारण असा असावा: ‘तुमच्या गटाच्या अमुक लेखात गाभे ५० सेंटिमीटरपर्यंतच घेतले आहेत आणि खालच्या थरात काय होतं हे खुलं ठेवलं आहे. मी पदवीच्या प्रकल्पात एका खाडीत एक मीटरपर्यंत गाभे काढले. खालच्या अर्ध्यात कार्बन अपेक्षेइतका घटला नाही. तुमच्याकडच्या ठिकाणांवर हे तपासावं असं वाटतं. अमुक फेलोशिपसाठी अर्ज करण्याचा विचार आहे, मुदत अमुक तारखेची. एका पानाची रूपरेषा जोडली आहे. यजमान म्हणून तुम्ही विचार करू शकाल का?’ बस. प्रमाणपत्रांची चळत जोडू नका. दोन आठवड्यांनी एक आठवण करा, तरीही काही आलं नाही तर पुढच्या गटाकडे वळा. उन्हाळ्यात निम्मे लोक फील्डवर असतात, तेव्हा उत्तर न येण्यात अपमान मानून घेऊ नका.

त्याच वेळी त्या गटातल्या पीएच.डी. करणाऱ्या एक-दोघांनाही लिहा. मार्गदर्शक भेटतात का, लेखांत लेखक म्हणून नावं कशी लागतात, फील्डवर सोबत कोण असतं, हे तेच सांगतील. शक्य झालं तर गट सोडून गेलेल्यांना विचारा, ते जास्त मोकळेपणानं बोलतात.

इतकं झालं की मग यादी उघडा. तिच्यातली बरीच नावं आपोआप गळतील. ब्रिटिश सरकारचं चेव्हनिंग प्रत्येकाच्या यादीत असतं, पण ते ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या मास्टर्ससाठी आहे, त्याला २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. नुकत्याच पास झालेल्याला त्याचा उपयोग नाही. व्हिएन्नाजवळच्या लाक्सेनबुर्गमधल्या आयआयएएसए या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम १९७७ पासून चालतो आणि उत्तम आहे, पण तो पीएच.डी. करत असलेल्यांसाठी, नाव लिहून ठेवा, तीन वर्षांनी लागेल. युरोपीय संघाच्या एरास्मस मुंडुस संयुक्त मास्टर्समध्ये शुल्क माफ होऊन महिना १,४०० युरो मिळतात, जास्तीत जास्त २४ महिने, आणि पर्यावरणाचे बरेच अभ्यासक्रम त्यात आहेत. संशोधनाचा अनुभव अजून तोकडा वाटत असेल तर मी हाच रस्ता सुचवेन. युरोपीय संघाच्याच मारी स्क्वोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये (पीएच.डी.साठीच्या योजनेत) कुठल्याही देशाचा नागरिक अर्ज करू शकतो, रीतसर नोकरीचा करार मिळतो. अट एवढीच की ज्या देशात काम करणार तिथं आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. म्हणजे नुकतंच जर्मनीत मास्टर्स केलेल्याला जर्मनीतली जागा मिळत नाही, शेजारच्या देशातली मिळू शकते. हे न वाचता अर्ज केलेले लोक दरवर्षी निघतात.

डीएएडी ही जर्मनीची संस्था १९२५ पासूनची आणि अमेरिकेची फुलब्राइट शिष्यवृत्ती १९४६ पासूनची. दोन्हींत देशागणिक अटी आणि मुदती बदलतात, त्यामुळे आपल्या देशाचं पान वाचा, दुसऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका. अमेरिकेत फुलब्राइटवर जाणाऱ्याला नंतर दोन वर्षं मायदेशी काढण्याचं बंधन असतं; तिथंच पुढे नोकरी करायचा बेत असेल तर हे आत्ताच लक्षात घ्या. स्विस सरकारच्या एक्सलन्स शिष्यवृत्तीला संशोधनासाठी अर्ज करताना तिथल्या प्राध्यापकाचं पत्र लागतं. जर्मनीच्या हुम्बोल्ट प्रतिष्ठानच्या हवामान संरक्षण फेलोशिपलाही, जी युरोपबाहेरच्या विकसनशील देशांतल्यांसाठी आहे, जर्मनीतला यजमान आधी ठरलेला असावा लागतो. यजमान आधी शोधा असं का म्हणालो ते यावरून कळेल. आणखी एक दार लोक बघतच नाहीत. स्वीडन, नॉर्वे, नेदरलँड्स इथं पीएच.डी. बहुतेक पगारी नोकरी असते आणि तिच्या जाहिराती वर्षभर निघत असतात. यादीत ‘फेलोशिप’ एवढंच शोधणाऱ्याला त्या दिसत नाहीत.

शोधनिबंध नाही, याची काळजी तुम्ही गरजेपेक्षा जास्त करताय. पदवीनंतर लगेच अर्ज करणाऱ्यांकडे तो नसतोच बहुधा. त्याजागी काहीतरी पुरं केलेलं दाखवा. अमेरिकेच्या लँडसॅटची उपग्रहचित्रं १९७२ पासूनची आहेत आणि २००८ पासून फुकट मिळतात. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटरपर्यंत बारकाव्याची चित्रं आहेत, हवामानासाठी ईआरए५ हा डेटासंच आहे, जिवांच्या नोंदींसाठी जीबीआयएफ हा खुला साठा आहे. यजमानाच्याच अभ्यासक्षेत्रावर यातलं काही वापरून एक आलेख तयार करा: गेल्या तीस वर्षांत तिथल्या खारफुटीची कडा कुठून कुठं सरकली. प्रपोजलमध्ये तो एक आलेख दोन पानांच्या पार्श्वभूमीपेक्षा जास्त बोलतो. आर किंवा पायथनमधला त्याचा कोड आणि तुमच्या प्रकल्पाचा डेटा झेनोडो या खुल्या ऑनलाइन साठ्यात ठेवला की त्याला डीओआय हा कायमचा ओळख क्रमांक मिळतो आणि अर्जात देता येतो. मात्र डेटा विभागाचा असेल तर आधी मार्गदर्शकांची परवानगी घ्या.

शिफारसपत्रांबाबत माझं मत थोडं ठाम आहे. मोठ्या पदावरच्या, पण तुम्हाला नावानंही न ओळखणाऱ्या माणसाचं पत्र घेऊ नका. ऑगस्ट १८३१ मध्ये केंब्रिजमधले प्राध्यापक जॉन हेन्स्लो यांनी बीगल या सर्वेक्षण जहाजावरच्या जागेबद्दल बावीस वर्षांच्या चार्ल्स डार्विनला लिहिलं, तेव्हा तुझं नाव का सुचवलं हेही सांगितलं होतं. हा तयार निसर्गशास्त्रज्ञ आहे असा दावा त्यांनी केला नाही. नमुने गोळा करणं, निरीक्षण करणं आणि नोंदण्याजोगं ते नोंदणं, यासाठी तू पुरेपूर लायक आहेस, एवढंच म्हटलं. चांगल्या शिफारसपत्रात आजही हेच हवं: माणसाला काम करताना पाहिलेल्यानं, काय पाहिलं ते सांगितलेलं. पत्र देणाऱ्याला प्रपोजल आणि त्यांच्या हाताखाली तुम्ही काय काय केलं याचं अर्धं पान मुदतीच्या महिनाभर आधी नेऊन द्या. (नोंदणं म्हणाल, तर त्याच डार्विननं गॅलापागोसच्या फिंच पक्ष्यांचे वेगवेगळ्या बेटांवरचे नमुने एकत्र केले होते. १८३७ मध्ये पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी त्या वेगळ्या जाती असल्याचं सांगितल्यावर, कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा हे कळायला जहाजावरच्या इतरांचे नमुने धुंडाळावे लागले. नमुन्याच्या पिशवीवर जागा, तारीख आणि वेळ तिथंच लिहा, संध्याकाळी खोलीवर जाऊन नको.)

परवानग्यांचा भाग अर्जांत सगळ्यात कच्चा असतो, आणि अनुभवी परीक्षक नेमका तोच आधी उघडतो. २०१० साली स्वीकारलेला आणि ऑक्टोबर २०१४ पासून लागू झालेला नागोया करार जैविक संसाधनांच्या जनुकीय अभ्यासासाठी मूळ देशाची पूर्वसंमती आणि उभयपक्षी ठरलेल्या अटी मागतो. संकटग्रस्त जातीचं हाड, पीस, प्रवाळाचा तुकडा देशाबाहेर न्यायचा तर साइटिस या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराची कागदपत्रं लागतात. ब्राझील आणि इंडोनेशियात परदेशी संशोधकाला स्थानिक संस्था सोबत घ्यावी लागते. केनियात नाकोस्टी या सरकारी आयोगाचा संशोधन परवाना लागतो. तुमच्यासारख्याची खरी अडचण मात्र साध्या चिखलाची आहे. पिकांचे रोग आणि कीड मातीतून पसरतात म्हणून बहुतेक देशांत परदेशी माती आणायला मनाई किंवा कडक बंधन असतं. अमेरिकेत त्याला कृषी खात्याचा परवाना लागतो. १२० नमुने बॅगेत घालून विमानात बसता येत नाही. म्हणून शक्य तेवढं विश्लेषण नमुने काढले त्याच देशात करायचं आणि पलीकडे जाईल तेवढंच न्यायचं, असा बेत प्रपोजलमध्येच मांडा. मच्छीमारांच्या मुलाखती घेणार असाल तर नीतिसमितीची मंजुरी लागेल आणि तिला महिने जातात. या सगळ्याला किती वेळ लागेल ते यजमानाला विचारून वेळापत्रकात घाला. पहिल्या महिन्यात फील्डवर्क सुरू होईल असं लिहिलेलं वेळापत्रक मी तरी खरं मानत नाही.

यातच स्थानिक सहकाऱ्यांचा प्रश्न येतो. बाहेरून यायचं, नमुने उचलायचे, परत जाऊन लेख छापायचा, या प्रकाराला ‘पॅराशूट सायन्स’ म्हणून शिव्या बसतात आणि त्या रास्त आहेत. वाटाड्या, होडी चालवणारा, तिथला विद्यार्थी यांचा वाटा काय, लेखात कुणाची नावं लागणार, हे आधीच लिहा.

पैशांचं थोडक्यात: प्रवासखर्च, विमा आणि फील्डचा खर्च स्टायपेंडमध्ये धरलाय की वेगळा आहे ते विचारा. पहिला हप्ता पोचायला वेळ लागतो आणि घराची अनामत मात्र पहिल्या दिवशी भरावी लागते, तेवढी तजवीज करून निघा. फील्डवर एकटं जावं लागणार असेल तर संपर्काची आणि अपघाताच्या वेळची व्यवस्था काय, हा प्रश्न मुलाखतीतच विचारा. त्यानं कुणाचंही मत वाईट होत नाही. ज्यांचं होत असेल त्यांच्याकडे जाऊ नये.

मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: हंगाम हुकला, वादळ आलं, परवाना अडकला, तर काय करणार? इथं तुमचा तो उपग्रहचित्रांचा आलेख कामाला येतो. गाभे मिळाले नाहीत तर जुन्या नमुन्यांवर आणि चित्रांवर प्रश्नाचा अमुक एक तुकडा तरी सोडवेन, असं नेमकं सांगता आलं पाहिजे. नकार आला तर परीक्षकांचे शेरे मागा. सगळे देत नाहीत, पण काही देतात. यजमान आणि प्रश्न हातात असतात, त्यामुळे पुढच्या मुदतीला निम्मं काम झालेलं असतं.

आणि होकार आला तर सही करण्याआधी यजमानाकडून दोन गोष्टी ई-मेलवर लिहून घ्या. फेलोशिप संपल्यावर डेटा तुम्हाला वापरता येईल का, किती काळ, आणि त्यावरच्या पहिल्या लेखाचं लेखन कोण करणार. नव्यानं आलेल्याला हे विचारायला अवघड वाटतं. पण बऱ्याच गटांत याचे लेखी नियम असतात आणि ते मागितले की लगेच पाठवतात.